साहेबकाका आणि शेजारचा इंग्रज

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात मोठी माणसं त्याला एकनाथराव म्हणत, बायका भाऊजी म्हणत, आणि पोरं, मग ती कुणाचीही असोत, साहेबकाका म्हणत. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये तो तांदळाचं पोतं गाडीत टाकत असला की लांबून एखादं पोर ओरडायचं. एकनाथ सावर्डेकर मग पोतं खाली ठेवायचा, नसलेली काठी काखेत धरायचा, पोट पुढे काढून ताठ गुडघ्यांनी चालत यायचा आणि विचारायचा, "टुमी काय मागटा?" पोर खिदळत आईच्या मागे लपायचं. मग तो पोतं पुन्हा उचलायचा.

मंडळात बहुतेक डॉक्टर, नाहीतर गाड्यांच्या कंपन्यांमधले इंजिनिअर. एकनाथ डायमेकर होता. पत्रा दाबून गाडीचे भाग काढतात, ते पोलादी साचे तो बनवायचा. मेहुण्यानं, म्हणजे डॉक्टर नरेंद्रनं, बहिणीला स्पॉन्सर केलं आणि बायको नीलाबरोबर एकनाथही सांगलीहून मिशिगनला आला. पार्ट्यांमध्ये कुणी विचारायचं, तुम्ही कुठे असता? तो सांगायचा, "वॉरनला, एका टूल शॉपमध्ये." मग बोलणं दुसरीकडे वळायचं. अपमान कुणी करत नसे. बोलणं फक्त वळायचं.

गणपतीच्या नाटकात मात्र ते वळत नसे. मालिनी परांजपे दर वर्षी नाटक लिहायची, नरेंद्र बसवायचा, आणि नाटक कसलंही असो, त्यात एक इंग्रज साहेब असायचाच. एका वर्षी एकनाथनं रेल्वेचा साहेब असा काही केला होता की लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. तेव्हापासून कधी कलेक्टर, कधी चहाच्या मळ्यातला साहेब, पण साहेब हवाच, आणि तो एकनाथच.

तो साहेब सहज आलेला नव्हता. एकनाथनं तो कानस मारून मारून घडवला होता. लहानपणी त्यानं इंग्रज पाहिलाच नव्हता. सांगलीच्या कारखान्यात आगाशे नावाचे वर्क्स मॅनेजर होते. त्यांचा एक गुडघा वाकत नसे, म्हणून ते पोट पुढे काढून चालत, आणि ते लंगडणं कुणाला कळू नये म्हणून काखेत फूटपट्टी धरून रुबाब करत. चहा पिण्याआधी कपात डोकावून बघत, जणू आत कुणी पडलंय. एकनाथनं आगाशे उचलले, फूटपट्टीची काठी केली, डोक्यावर सोला टोपी ठेवली, त ला ट केलं, झाला साहेब. नवं नाटक हातात आलं की तो गॅरेजमध्ये दार ओढून घ्यायचा आणि चालायचा. नीला म्हणायची, "काँक्रीट झिजेल हो." तो चालतच राहायचा.

अशा माणसाच्या शेजारी सिरिल मॉट्रम राहत होता.

सिरिल इंग्लंडचा, धंद्यानं नट. पण नट म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं तसलं त्याच्यात काही नव्हतं. साठी ओलांडलेली, अंग किडकिडीत, चेहरा असा की दोनदा भेटूनही आठवू नये. बायको वारलेली. तो काय काम करायचा हे शेजाऱ्यांना बरीच वर्षं नीट माहीत नव्हतं. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्या कामगारांसाठी, विक्रेत्यांसाठी शिकवायच्या फिल्म काढत. त्यात सिरिल असायचा. कधी हट्टी गिऱ्हाईक, कधी म्हातारा वॉचमन, कधी बँकेचा माणूस. शनिवार-रविवारी लोक जेवता जेवता नाटक बघतात अशा थिएटरात तो न्यायाधीश, पाद्री, दारुडा, काय हवं ते करायचा. डिसेंबरात मॉलमध्ये सांताक्लॉज. नायक कधीच नाही.

एकनाथला हे कळलं ते टूल शॉपमध्ये. डोळ्यांवर गॉगल लावा हे सांगणारी फिल्म सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीत दाखवली. पडद्यावर एक म्हातारा फोरमन व्हाइसच्या पकडीत तुकडा धरून कानस मारत होता. एकनाथनं आधी हात बघितले, चेहरा नंतर. पुढे जाताना दाब, मागे येताना हलकी. कोपर अंगाजवळ. सिनेमातले लोक कानस करवतीसारखी चालवतात, हा तशी चालवत नव्हता. मग चेहरा बघितला, तर सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना हात हलवणारा माणूस.

"हा माणूस बेंचवर काम करत होता कधीतरी," फोरमन स्टॅन म्हणाला.

"माझा शेजारी आहे," एकनाथ म्हणाला. "नट आहे तो."

"नट? मग कानस धरताना नट तू दिसतोस, तो नाही."

सगळे हसले. एकनाथही हसला. दुपारभर मात्र त्याच्या हातून काम हवं तसं होईना. वीस वर्षं कानस धरतोय आपण, आणि फोरमन म्हणून फिल्ममध्ये कोण, तर हा. त्या दिवसापासून सिरिलचं सगळं त्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं. त्याचं लॉन सरळ रेषांत कापलेलं असायचं. बर्फ काढल्यावर ड्राइव्हवे धुतल्यासारखा दिसायचा. नीला त्याच्याकडे बटाटेवडे पोचवायची आणि परत आली की सांगायची, "किती मन लावून खातो माणूस. तुम्ही तोंड वर न करता गिळता."

"त्याला फुकट मिळतात," एकनाथ म्हणायचा.

"आणि तुम्हाला?"

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात नीलानं मंडळाच्या नाटकवाल्यांना दुपारी जेवायला बोलावलं आणि शेजारधर्म म्हणून सिरिललाही. नरेंद्र पुरीचा घास तोंडात नेता नेता थांबला.

"अरे, हा तर आमचा पेशंट!"

सिरिल घाबरला. मग उलगडा झाला. नरेंद्रच्या हॉस्पिटलमध्ये हात धुण्याबद्दलची फिल्म दाखवत, त्यात खाटेवर पडून डॉक्टरांच्या हातांकडे संशयानं बघणारा रोगी सिरिल होता. त्यानं तिथेच, पुरी हातात धरून, ती नजर करून दाखवली. नरेंद्रनं नकळत आपले हात मागे घेतले. सगळे खो खो हसले. चौदा वर्षांची उत्तरा, एकनाथची मुलगी, म्हणाली, "बाबा, ही इज सो गुड!" एकनाथनं तिच्या ताटात उगाच आणखी एक पुरी वाढली.

श्रीखंडापर्यंत नरेंद्रचं ठरलं होतं. "ऐका, ऐका. आपल्याकडे साहेबाचा रोल आहे आणि शेजारी खराखुरा इंग्रज आहे. तोही प्रोफेशनल. लोकांना कळलं तर हॉल पुरणार नाही."

मालिनी म्हणाली, "आणि मराठी?"

"पाठ करेल. नट आहे तो."

सिरिलला इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यानं चमचा खाली ठेवला आणि विचारलं, हे काम दर वर्षी कोण करतं? सगळ्यांनी एकनाथकडे बोट दाखवलं.

"मग बदलायचं कशाला?" सिरिल म्हणाला.

"आमच्या एकनाथरावांचं मन मोठं आहे," नरेंद्र म्हणाला. "काय एकनाथराव? तुम्हाला पट्टेवाला देऊ. साहेबाच्या मागे चहाचा ट्रे घेऊन. मस्त रोल आहे."

सगळे त्याच्याकडे बघत होते. एकनाथ म्हणाला, "माझी काही हरकत नाही."

पाहुणे गेल्यावर नीला भांडी घासत होती, तो पुसत होता.

"नाही म्हणायचं होतं तोंडावर," ती म्हणाली.

"तुझ्या दादाला?"

"दादाला काय नि कुणाला काय."

"त्यानं आणलं आपल्याला इथे."

"त्यानं विमानाचं तिकीट काढलं, म्हणून टोपीपण त्याची झाली काय?"

एकनाथनं पातेलं पुसलं, तेच पुन्हा पुसलं, आणि जागेवर ठेवलं.

चार दिवसांनी नरेंद्रचा फोन आला. साहेबाचे सगळे संवाद एकनाथनं कॅसेटवर बोलून द्यावेत. सिरिल ऐकून ऐकून पाठ करेल. "तुमच्याइतकं कुणाला येतंय ते," असंही नरेंद्र म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं, हे एकनाथला जास्त लागलं.

तो गॅरेजमध्ये टेपरेकॉर्डर घेऊन बसला. बटण दाबलं. 'टुमी' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग स्वच्छ, शुद्ध, आकाशवाणीच्या बातम्यांसारखं बोलला, "तुम्ही काय मागता, आजीबाई?" पहिल्यापासून शेवटपर्यंत तसंच. कुठे अडखळणं नाही, हेल नाही, खाकरणं नाही. उत्तरा सायकल ठेवायला आली होती. "बाबा, व्हाय आर यू टॉकिंग लाइक द न्यूज?"

"त्याला क्लिअर कळावं म्हणून."

संवाद मागितले होते. साहेब कुणी मागितला नव्हता. एकनाथनं कॅसेट स्वतः नेऊन दिली, आणि सिरिलनं दोन्ही हातांनी घेतली.

त्यानंतर सिरिल कानाला वॉकमन लावून लॉन कापताना दिसायला लागला. ओठ हलत असायचे. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना ओठ, टपालपेटी उघडताना ओठ. ज्या भाषेचा एक शब्द कळत नाही ती भाषा तो दगड फोडावा तशी फोडत होता. एकनाथ खिडकीतून बघायचा आणि पडदा ओढून घ्यायचा.

तालीम नरेंद्रच्या बेसमेंटमध्ये असायची. गोष्ट साधी होती. गावातून रेल्वे न्यायची असते, मध्ये एका म्हातारीचं आंब्याचं झाड येतं, ते तोडायचा हुकूम साहेबानं काढलेला. म्हातारी झालेली कांचन हात जोडून पुढे आली. सिरिल वळला आणि म्हणाला, "तुम्ही काय मागता, आजीबाई?"

एकही अक्षर चुकलं नाही. कुणी हसलंही नाही.

तलाठी झालेला कुमार कुजबुजला, "यार, हा तर सदाशिव पेठेतला वाटतो."

तालीम पुढे गेली. सिरिल अस्खलित बोलत होता, मास्तर शुद्धलेखन सांगतात तसा. कांचन रडायचं सोडून त्याच्याकडे आदरानं बघायला लागली. शेवटी नरेंद्रनं टाळी वाजवून थांबवलं.

"उच्चार परफेक्ट आहेत," तो म्हणाला, "पण यात साहेब कुठाय?"

"खरा इंग्रज असाच असेल कदाचित," मालिनी म्हणाली.

"असेल, पण लोकांना तो नकोय. आता इंग्रजाला इंग्रज व्हायला शिकवायचं कुणी?"

एकनाथ ट्रे घेऊन मागे उभा होता. ट्रेच्या कडा कशा दुमडल्या आहेत ते तो निरखत होता. सिरिलनं एकदा त्याच्याकडे बघितलं, रागानं नाही, मोजमाप घेतल्यासारखं. गाडीत बसताना एकनाथला बरं वाटलं. ते बरं वाटणं घरापर्यंत पुरलं नाही. त्या माणसानं केलेली मेहनत त्याला दिसली होती, आणि मेहनत वाया जाताना बघायची त्याला सवय नव्हती. शॉपमध्ये कुणी चुकीच्या ड्रॉइंगवरून पोलाद कापत असला, तर तो वैरी असला तरी एकनाथनं मशीन थांबवलं असतं.

शनिवारी दुपारी एकनाथ गॅरेजमध्ये प्लायवुडचं आंब्याचं झाड कापत होता. दार उघडंच होतं. सिरिल आला, एक पालथी बादली ओढून तिच्यावर बसला आणि करवत थांबेपर्यंत गप्प राहिला.

"शब्द दिलेस," तो म्हणाला. "माणूस ठेवून घेतलास."

एकनाथनं भुसा झटकला. "मला फक्त डायलॉग मागितले होते."

"बरोबर केलंस. मीही ठेवला होता एकदा."

आणि त्यानं सांगितलं. तो उत्तर इंग्लंडातल्या कापडगिरण्यांच्या गावचा. बाप माग दुरुस्त करायचा. शाळा सुटली तसा सिरिलही गिरणीत, बापाच्या हाताखाली. कानस तिथे हातात आली. संध्याकाळी चर्चच्या हौशी मंडळात नाटकं. मग एक फिरती कंपनी गावात आली आणि तिचा म्हातारा नट आजारी पडला. सिरिल विशीतला. त्यानं पीठ लावून केस पांढरे केले आणि म्हातारा झाला. "तेव्हापासून मी म्हाताराच आहे," तो म्हणाला. "आता कुठे पीठ वाचायला लागलंय." कंपनीत दर आठवड्याला नवं नाटक. सोमवारी पाद्री, पुढच्या सोमवारी खुनी. दिवसा एक पाठ करायचं, संध्याकाळी दुसरं करायचं. लढाईत त्याला फौजेच्या गोदामात टाकलं, तिथेही तो माणसंच बघत बसला, बूट मागायला कोण कसं येतं ते.

लढाईनंतर त्याला एक भूमिका मिळाली, दीपगृहाच्या रखवालदाराची. दोन वर्षं गावोगाव हिंडत त्यानं तो रखवालदार घडवला. नाटक लंडनला जायचं ठरलं, आणि मालकांनी ती भूमिका एका नावाजलेल्या नटाला दिली. सिरिलला म्हणाले, तू त्याला शिकव.

"शिकवलंस?"

"सगळं. एक सोडून. रखवालदार खुर्चीत बसायचा कसा, ते नाही शिकवलं. त्या बसण्यातच सगळा माणूस होता."

"मग?"

"तो बसलाच नाही. नाटकभर उभा राहिला. लोकांनी डोक्यावर घेतलं."

एकनाथला हसू आलं. सिरिलला आलं नाही.

"मग राग नाही आला?"

"आला की. अजून आहे."

पुढे एका कंपनीबरोबर तो अमेरिकेत आला. डेट्रॉइटला खेळ पडले, मालक पसार झाला, नट हॉटेलात अडकले. शेजारच्या खाणावळीत डोरिस नावाची बाई सूप वाढायची. ती उरलेलं सूप त्याच्यासाठी राखून ठेवायला लागली, आणि तो राहिला. मायदेशी असतो तर काय झालो असतो, हा विचार त्यानं डोरिस असेपर्यंत केला नव्हता. हल्ली करतो, म्हणाला.

मग तो बादलीवरून उठला. "माझ्या गावात काठी घेऊन हिंडणारा इंग्रज मी पाहिला नाही. गिरणीचा मालक मोटारीतून यायचा, तोही बसलेलाच दिसायचा. तुमच्या लोकांना माझा इंग्रज नकोय. तुझा हवाय. नसेल द्यायचा तर तसं सांग. मी डॉक्टरांना सांगतो की मला जमत नाही, आणि टोपी तुझी तुला परत."

एकनाथला एवढंच हवं होतं. आता फक्त मान हलवायची. त्यानं हातातली कानस खाली ठेवली, वर उचलली, पुन्हा ठेवली. या माणसानं 'मला जमत नाही' म्हणावं? ते खोटं झालं असतं. खोट्यानं परत आलेली टोपी डोक्यावर नीट बसली नसती.

"दार ओढ," तो म्हणाला.

त्यानं काठी काढली आणि चालून दाखवलं. आगाशे कोण होते, तो गुडघा का वाकत नसे, काखेतली पट्टी कशासाठी, सगळं सांगितलं. सिरिलचा चेहरा उजळला. "म्हणजे तो रुबाब नाहीच. दुखणं लपवतोय तो."

"ते लोकांना कळत नाही. लोक हसतात."

"कळायला नकोच. मला कळलं, पुरे."

सिरिल चालला. एकनाथ म्हणाला, "पुन्हा." सिरिल पुन्हा चालला. "काठी वर जातेय. कोपर खाली, अंगाला चिकटून." पुन्हा. "गुडघा आधी ठरव, मग पाय टाक." पुन्हा. शिकाऊ पोराकडून घासून घेतात तसं एकनाथनं घासून घेतलं. मनात कुठेतरी त्याला वाटत होतं की हा कंटाळेल, म्हणेल की आता बस, मी काय नवखा आहे? सिरिल कंटाळला नाही. घामानं शर्ट पाठीला चिकटला तरी एकनाथनं 'पुन्हा' म्हणायच्या आत तो वळलेला असायचा. नीलानं दोनदा चहा पाठवला. सिरिलनं दोन्ही वेळा कपात डोकावून बघितलं.

आठवडाभरानं एकनाथ बाकावर बसून बघत होता, तेव्हा आगाशे गॅरेजमधून चालत गेले. तेच. त्याच्या स्वतःच्या आगाशांपेक्षा जरा जास्तच.

प्रयोग हायस्कूलच्या हॉलमध्ये झाला. इंग्रज मराठी बोलणार म्हणून तासाभराच्या अंतरावरच्या ॲन आर्बरहूनसुद्धा लोक आले होते. सिरिल काठी काखेत धरून आत आला, थांबला, म्हणाला, "टुमी काय मागटा?" आणि हॉल कोसळला. हे हसणं एकनाथ ओळखत होता. ते कुठे सुरू होतं, मागच्या रांगेपर्यंत कसं जातं, कुठे थांबून पुढचं वाक्य टाकायचं, सगळं त्याच्या अंगात होतं. तो ट्रे घेऊन मागे उभा राहिला आणि दुसऱ्याच्या तोंडून आपलं हसणं वसूल होताना बघत राहिला.

मग म्हातारी झाडासाठी विनवायला आली. एकनाथ असता तर त्यानं इथे काठी फिरवून आणखी एक हशा घेतला असता. सिरिलला त्यानं तेच शिकवलं होतं. सिरिलनं काठी फिरवली नाही. त्यानं हळूच टोपी काढली. टोपी काढल्यावर तिचं काय करावं हे साहेबाला कळेना. साहेब एकदम म्हातारा दिसायला लागला, गुडघा दुखणारा म्हातारा. हॉल गप्प झाला. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. आणि सिरिलनं, मागे न बघता, टोपी पट्टेवाल्याकडे धरली.

एकनाथच्या दोन्ही हातांत ट्रे. तालमीत असलं काही नव्हतं. टोपी हवेत होती, हॉल बघत होता. त्यानं ट्रे पुढे केला. टोपी चहाच्या कपावर जाऊन बसली, कप झाकला गेला. एकनाथनं अगदी गंभीरपणे वाकून टोपीखाली डोकावून बघितलं, आत कुणी पडलंय का ते. रडवेल्या हॉलमध्ये असा हशा उसळला की कांचनला पदर तोंडावर घ्यावा लागला.

ती टोपी सिरिलनं मुद्दाम दिली की नुसती टाकली, हे एकनाथला तेव्हा कळलं नाही, आणि नंतरही नाही.

खेळ संपल्यावर लोकांनी सिरिलला घेरलं. "अस्सल ते अस्सलच, यार," कुमार म्हणत होता. "ती चाल बघितली? रक्तातच असावी लागते. आपण कितीही केलं तरी नक्कलच."

एकनाथ झाडाचे स्क्रू काढत होता. सांगलीच्या आगाशांची चाल कुठल्या रक्तात होती, हे त्यानं स्क्रूड्रायव्हरला विचारलं.

सिरिलनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि इंग्रजीत स्पष्ट सांगितलं की यातलं त्याचं काही नाही, चाल, काठी, बोलणं, सगळं एकनाथचं आहे. त्यानं फक्त पाठ केलं.

मग नरेंद्रनं टाळी वाजवली. "बघा, केवढा विनय! एवढा मोठा कलावंत, पण श्रेय दुसऱ्याला. शिकण्यासारखं आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकनाथलाही वाजवाव्या लागल्या. सिरिल खरं बोलला, तर त्याचंही माप सिरिलच्याच पदरात पडलं.

गाडीत नीला म्हणाली, "ट्रेमध्ये टोपी घेतलीत ते छान केलंत."

"त्यानं दिली म्हणून."

"घेतली कुणी?"



पुढच्या वसंतात सिरिलला फ्लोरिडातल्या एका थिएटरात कायमचं काम मिळालं. घर विकलं. एकनाथनं खोकी उचलू लागायला हात लावला, कारण सिरिल खोकी चुकीच्या क्रमानं भरत होता. निघताना सिरिलनं हात पुढे केला, एकनाथनं मिळवला, आणि नवीन माणसं आली त्यांचं लॉन वाकडंतिकडं कापलं जायला लागलं.

गणपती जवळ आले. नरेंद्रचा फोन. "एकनाथराव, या वर्षी साहेब तुम्हीच. फक्त एक करा, जरा सिरिलसारखा करा. त्यानं एक लेव्हल ठेवलीय."

"प्रयत्न करतो," एकनाथ म्हणाला.

ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये पोरं अजून ओरडायची, पण एका बारक्यानं आईला विचारलं, "व्हेअर इज द रिअल साहेब?" आईनं त्याला दटावलं. एकनाथनं ऐकलं नाही असं दाखवून डिकी लावली.

त्यानं गॅरेजचं दार ओढलं. चाल होतीच, ती त्याचीच होती. टोपी काढणं मात्र नव्हतं. ते सिरिलचं होतं, तेवढं एकच, आणि तेच येईना. टोपी काढली की ती नुसती काढलेली दिसायची. तो दिवसेंदिवस टोपी काढत आणि घालत राहिला. नाटकात ती जागा आली तेव्हा त्यानं टोपी काढली आणि हॉल थोडा गप्प झाला. थोडाच. नंतर कांचन म्हणाली, "भाऊजी, जवळजवळ सिरिल." तिनं कौतुकानंच म्हटलं होतं.

नोव्हेंबरात फ्लोरिडाहून पाकिटातून एक फोटो आला. सिरिल स्टेजवर, कुठल्याशा विनोदी नाटकात निवृत्त कर्नल झालेला. काखेत काठी, पोट पुढे, एक गुडघा ताठ. मागे लिहिलं होतं, 'रोज रात्री हसतात. आगाशेसाहेबांना सांग.'

नीलानं फोटो हातात घेतला. "बघा, तुमचे आगाशे समुद्रकिनाऱ्यावर पोचले."

"माझे कसले? तिथे कुणाला माहितीये माझे म्हणून?"

"मग फाडून टाका."

एकनाथनं फोटो गॅरेजमध्ये नेला आणि बेंचवरच्या दिव्याखाली धरला. बराच वेळ बघितलं. मग त्याला ते दिसलं, आणि अनेक दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं. काठी वर गेली होती. कोपर अंगापासून सुटलं होतं. लक्ष ठेवायला कुणी नसलं की असंच होतं, काम सैल पडतं.

त्याला वाटलं, राहू दे. चुकू दे त्याला, रोज रात्री चुकू दे. फोटो त्यानं ड्रॉवरमध्ये टाकला आणि दिवा बंद केला. दारापर्यंत गेला, परत आला, दिवा लावला, आणि उत्तराच्या वहीचं एक पान फाडून आणून उभ्या उभ्या लिहिलं, 'कोपर खाली. अंगाला चिकटून. पुन्हा कर आणि फोटो पाठव.'